मिशनऱ्यांच्या वहीतला आपला मुलूख



परक्या देशात धर्मप्रचाराला निघालेल्या माणसाला सर्वांत आधी काय लागते? त्या देशाची माहिती लागते. तेथे कोणकोणते लोक राहतात, ते कोणती भाषा बोलतात, कोणत्या देवाला भजतात, कोणाच्या शब्दाला मान देतात आणि त्यांच्यात नाडलेला कोण आहे, हे त्याला कळावे लागते. गेल्या दोनशे वर्षांत ख्रिस्ती मिशनऱ्यांनी जगातल्या कितीतरी लहानमोठ्या देशांची अशी टिपणे केली. मागून येणाऱ्या मिशनऱ्यांना वाट दिसावी म्हणून ती छापली.

तुम्ही म्हणाल, मास्तर, याचा श्रीगोंद्याच्या आपल्या वस्तीशी काय संबंध? संबंध असा की, आपला नगर जिल्हा, ज्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले, हाच एके काळी असा एक लहानसा देश समजून लिहिला गेला. त्या वहीत आपले पणजोबा आहेत, पणजी आहेत, त्यांचे देव आहेत, त्यांची उपासमार आहे. आपल्या माणसांनी स्वतः लिहून ठेवलेले त्या काळातले फारसे काही नाही, कारण त्यांच्या हातात पाटीच नव्हती. म्हणून परक्याने काय लिहिले, का लिहिले आणि ते आपण कसे वाचावे, हे आज पाहू.

अमेरिकेतल्या बोस्टन शहरातील एका मंडळाने १८१२ साली काही तरुण हिंदुस्थानकडे पाठविले. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले. कंपनी सरकारला ते नकोच होते. धर्माच्या भानगडीत पडले तर व्यापाराला बाधा येईल अशी सरकारला भीती होती. पण त्याच वर्षी विलायतेच्या पार्लमेंटने कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांना वाट मोकळी केली आणि त्यांचा पाय मुंबईत टेकला. पुढे १८३१ च्या अखेरीस ग्रेव्हज, हर्व्हे आणि रीड हे तिघे नगरला येऊन राहिले. त्यांच्याबरोबर बाबाजी नावाचा एक ब्राह्मण होता, जो ख्रिस्ती झालेला होता. याच अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली नगरला 'ज्ञानोदय' हे पत्र सुरू केले.

तिघांपैकी हॉलिस रीड याने १८३६ साली न्यूयॉर्कला एक पुस्तक छापले. नाव 'द ख्रिश्चन ब्राह्मण'. वरवर पाहता ते त्या बाबाजीचे चरित्र आहे. पण मुखपृष्ठावरच जे लांबलचक नाव आहे त्यात हिंदू लोकांच्या घरगुती चालीरीती, त्यांच्या भोळ्या समजुती, दख्खन प्रांताचे वर्णन आणि नगरच्या मिशनची हकीकत, एवढे सगळे एका दमात सांगितले आहे. म्हणजे नगरच्या मुलखाचे लोक आणि धर्म यांवर परदेशी वाचकासाठी लिहिलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी हे एक होय.

नाव कोणाचे, हेही ध्यानात घ्या. ब्राह्मणाचे. आरंभी मिशनऱ्यांची समजूत अशी होती की, या देशात ब्राह्मण हा शेंडा आहे, तो वाकविला की सगळे झाड वाकेल. म्हणून त्यांनी पोथ्या पाहिल्या, शास्त्रांचा अभ्यास केला, वादविवाद केले. ब्राह्मण ख्रिस्ती झाले नाहीत असे नाही. नगरला १८३९ साली हरिपंत खिस्ती झाले. पुढे १८९५ साली कवी ना. वा. टिळक झाले. पण झाड वाकले नाही. जो जमाव पुढे आला तो महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आला. मग वही बदलावी लागली. पोथीत जे लिहिले आहे तो या मुलखाचा सगळा धर्म नव्हे, हे त्यांच्या ध्यानात आले.

ही माहिती ते गोळा करीत ती हिवाळ्याच्या दौऱ्यांत. बैलगाडी, राहुटी, बरोबर एखादा देशी उपदेशक. गावाबाहेर आंब्याखाली मुक्काम. घरे किती, कोणत्या जातीची किती, बाजार कोणत्या वारी, जत्रा कधी, शाळा आहे की नाही, पाटील कसा आहे. हे सर्व पत्रांतून बोस्टनला जाई आणि 'मिशनरी हेरल्ड' नावाच्या मासिकात छापून येई. तिकडची देवभोळी माणसे ते वाचून वर्गणी पाठवीत. हे मी मुद्दाम सांगतो. कारण ज्या लेखनावर वर्गणी अवलंबून असते त्या लेखनात गरिबाचे दुःख ठळक होते आणि गरिबाचे शहाणपण पुसट होते. त्या पानांतला महारवाडा नेहमी रडतो. प्रत्यक्षातला महारवाडा रडत होता, तसा हसत होता, तमाशाच्या फडात ढोलकी वाजवीत होता, पंचायत भरवून न्याय करीत होता आणि वेळ आली तर पाटलाशी भांडतही होता. वाचताना हे आपण आपल्या पदरचे घालून वाचले पाहिजे.

माणसे मोजण्याची ही सवय काही माणसांपुरती नव्हती. नेवासे तालुक्यात वडाळ्याला फेअरबँक नावाचे मिशनरी वर्षानुवर्षे राहिले. त्या गावाला आजही लोक वडाळा मिशन म्हणतात. हा गृहस्थ पक्षी आणि गोगलगायी यांचाही मोठा जाणकार होता. दक्षिणेतल्या पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याला त्याचे नाव दिलेले आहे. जातवार, रंगवार, जागेवार नोंद करणे ही त्या काळच्या शिकलेल्या गोऱ्या माणसाची रीतच होती. पक्ष्याला त्या नोंदीने काही होत नाही. पण माणसाची एकदा रकान्यात नोंद झाली की तो रकाना त्याच्या पाठीला लागतो. मी शाळेत पंधरा वर्षांपासून दाखले लिहितो आहे, मला विचारा.

आता आपल्या मुलखाला हे रकाने कसे बसतात ते पाहा. श्रीगोंदा या गावाचे जुने नाव चांभारगोंदे. गोविंद नावाच्या एका भाविक चांभारावरून ते पडले असे सांगतात. याच गावात शेख महंमद होऊन गेले. जन्माने मुसलमान, सुफी परंपरेतले, आणि लिहिला मराठीत 'योगसंग्राम'. वारकरी त्यांना संत मानतात. त्यांच्या समाधीला हिंदूही येतात, मुसलमानही येतात. यांना कोणत्या रकान्यात घालायचे? पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथाची यात्रा भरते. तेथे गाढवांचा बाजार असतो आणि गोपाळ, वैदू अशा भटक्या जमाती आपल्या जातपंचायती भरवीत आल्या. त्यांचा धर्म कोणता म्हणायचा? नाथाचा, पंचायतीचा, की पोटाचा? अकोल्याकडे डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर, इकडे घोड आणि भीमेच्या काठाने मराठे, माळी, धनगर, रामोशी, पारधी, गावकुसाबाहेर आपण. बाहेरच्या माणसाने याला एक शब्द वापरला, हिंदू. ज्याला वेशीच्या आत पाऊल ठेवता येत नव्हते आणि ज्याने देवळाची पायरी लांबून पाहिली त्यालाही तोच शब्द. मिशनऱ्यांनीही आधी तोच वापरला आणि सरकारी शिरगणतीनेही वापरला. पण महारवाड्यात बसून जो ऐकू लागला त्याला दिसले की येथला धर्म निराळा आहे.

तो कसा होता? मरीआई, म्हसोबा, खंडोबा, सटवाई, सात आसरा. पोतराज अंगावर कोरडे ओढीत येई. मुलीला मुरळी सोडीत. देवऋषी अंगात आणून उतारा सांगे. दुसऱ्या बाजूला चोखोबा होते, कबीरपंथ होता, नाथपंथ होता. महारांचे आपले गुरू होते आणि ते कानमंत्र देत. पूज्य बाबासाहेबांच्या घरातही सुभेदार रामजी कबीरपंथीच होते, हे आपण जाणतोच. म्हणजे एकाच वस्तीत एका घरी बोकड कापला जात होता आणि दुसऱ्या घरी एकतारीवर जातिभेद खोटा आहे असे गाणे चालले होते. हे दोन्ही पुस्तकांत नोंदले गेले आणि ही नोंद मोलाची आहे. ब्राह्मणी ग्रंथांत ती सापडत नाही, कारण त्यांच्या लेखी आपल्याला धर्मच नव्हता, फक्त काम होते.

विसाव्या शतकात अशी पुस्तके पद्धतशीर निघू लागली. १९१० साली स्कॉटलंडात एडिंबरोला जगभरच्या मिशनऱ्यांची परिषद झाली. तिच्या आधी देशोदेशीच्या मिशनऱ्यांकडे प्रश्नावली पाठविली होती. तुमच्याकडच्या लोकांच्या धर्मात त्यांना खरा आधार देणारे काय आहे, कशाला ते नुसते रीत म्हणून धरून आहेत, असे प्रश्न. पुढे कलकत्त्याच्या वायएमसीएने हिंदुस्थानातल्या एकेका जमातीवर, एकेका पंथावर पुस्तकमाला काढली. दक्षिणेच्या ग्रामदेवतांवर १९१६ साली मद्रासच्या बिशप व्हाइटहेड यांचे, उत्तरेच्या चामारांवर १९२० साली ब्रिग्ज यांचे, आणि १९३८ साली अलेक्झांडर रॉबर्टसन यांचे 'द महार फोक', म्हणजे महार लोक. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अशी इंग्रजी पुस्तके मी शब्दकोश मांडीवर घेऊन, दिवसाला चार पाने, अशी वाचली. वाचताना अंगावर काटा येतो. आपल्या आजीच्या तोंडचे शब्द रोमन लिपीत छापलेले असतात आणि आजीला मात्र सहीऐवजी अंगठा करावा लागत असे.

या पुस्तकांना दोष कोठे द्यायचा? माझ्या मते दोष खोटेपणाचा नाही. पुष्कळ मिशनरी मनापासून खरे लिहीत. दोष प्रश्नाचा आहे. या देवाच्या जागी आपला देव कसा बसविता येईल, हा प्रश्न मनात धरून जो पाहतो त्याला देव दिसतो, पण देवाच्या पायाखालची जमीन दिसत नाही.

मरीआईचेच घ्या. मिशनऱ्याने लिहिले, हे लोक पटकीच्या देवीला भितात, तिचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडतात. खरे आहे. पण पटकी आधी कोणाच्या वस्तीत येई? ज्यांना गावची विहीर बंद होती, जे ओढ्याचे, डबक्याचे पाणी पीत, त्यांच्या. मेलेली जनावरे कोण ओढी? गाडा ओढायचे आणि त्या वेळी पुढे चालायचे काम कोणाचे? म्हणजे रोगही आमचा आणि त्याची शांतही आमच्याच खांद्यावर. नगरला आलेल्या त्या पहिल्या तिघांपैकी हर्व्हे हे दुसऱ्याच वर्षी, १८३२ साली, याच पटकीने वारले. रोगाने धर्म पाहिला नाही. पटकीचा जंतू पाण्यातून पसरतो हे पुढे रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने १८८४ पर्यंत दाखवून दिले. देवी रोगाचेही तसेच. लसीने तो हटला आणि १९८० साली जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. मरीआईची सत्ता ना बायबलने मोडली, ना नुसत्या शिव्या देऊन मोडली. ती नळाच्या पाण्याने आणि लशीने मोडली. म्हणून ज्या नवदीक्षित घरात म्हातारी अजून तापल्या लेकराला घेऊन मरीआईकडे जायचे म्हणते, तेथे तिच्यावर ओरडू नका. लेकराला आधी दवाखान्यात न्या. ते बरे होऊन अंगणात खेळू लागले की मग शांतपणे बोला.

मिशनने आपल्यासाठी काय केले ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. १८५६ साली धारवाडला एका महाराच्या मुलाने सरकारी शाळेत नाव घालायला अर्ज केला तर सरकारने त्याला वाट दिली नाही, कारण वरच्या जातींची मुले शाळा सोडतील. त्याच काळात मिशनच्या शाळेत आपली मुले पाटीवर अक्षर गिरवीत होती. नगरला सिंथिया फरार या बाई १८३९ पासून मुलींच्या शाळा चालवीत होत्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्याला आपली शाळा काढली. सावित्रीबाईंनीही नगरला या बाईंकडे शिक्षकाचे शिक्षण घेतले. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आणि पुन्हा १८९९-१९०० चा दुष्काळ, या दोन्ही वेळी मिशनने अन्न दिले, पोरकी मुले सांभाळली. दुष्काळानंतर बाप्तिस्म्यांची संख्या वाढली. त्यावरून 'पोटासाठी धर्म विकला' असे टोमणे मारणारे तेव्हाही होते, आजही आहेत. ज्याच्या घरात कधी दाणा संपला नाही त्याने हे बोलावे, हे मला तरी पटत नाही. भुकेल्या माणसाला जो जेवू घालतो आणि जवळ बसवतो त्याचा देव त्याला खरा वाटला, तर त्यात लाज कसली?

पण एका गोष्टीत वहीनेच घात केला. वहीत जात हा पहिला रकाना होता. महारवाडा वेगळा, मांगवाडा वेगळा. उपदेशही त्याच वाटेने झाला, माणसेही वाड्यावाड्याने आली आणि जातही त्यांच्याबरोबर चर्चमध्ये आली. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात रोटीबेटी बराच काळ बंद राहिली. दक्षिणेत तर कित्येक चर्चांत अस्पृश्यांतून आलेल्यांच्या बसण्याच्या जागा निराळ्या होत्या.

बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्णय करताना या गोष्टीचा फार बारकाईने विचार केला. १९३८ साली सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी हे स्पष्ट सांगितले. ख्रिस्ताविषयी त्यांनी आदर दाखविला, पण दक्षिणेच्या चर्चमध्ये जात पाळली जाते आणि ख्रिस्ती समाज राजकीय हक्कांच्या लढ्यात मागे राहिला, हेही तोंडावर सांगितले. त्यांचे या विषयावरचे दोन निबंध त्यांच्या हयातीनंतर, महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात १९८९ साली छापले गेले. एक अस्पृश्यांना ख्रिस्ती करण्याविषयी आणि दुसरा ख्रिस्ती झालेल्याच्या स्थितीविषयी. त्यांत त्यांनी विचारले आहे की, शाळा आणि दवाखाने यांचा मोठा लाभ वरच्या जातींनी घेतला, मग ज्यांनी धर्म बदलला त्यांच्या पदरात काय पडले? धर्म बदलल्यावर अन्यायाविरुद्ध त्याने तोंड उघडले का? ज्यांना इंग्रजी येते त्यांनी ते जरूर वाचावेत. ज्यांना येत नाही त्यांनी घरातल्या शिकत्या मुलाकडून समजून घ्यावेत.

आता हाच प्रश्न आपल्याकडे वळवा. आपल्या पंगतीत आज कोण बसते? १९५६ साली दीक्षा घेतलेली घरे आहेत. त्यांच्या शेजारी काल-परवा दीक्षा घेतलेली मातंग, चर्मकार, कैकाडी घरेही आहेत. २००७ साली मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर भटक्या-विमुक्तांतल्या अनेकांनी धम्म स्वीकारला. या सगळ्यांच्या मुली आपण सून म्हणून आणतो का? की वंदना एकत्र आणि सोयरीक मात्र जुन्याच गणगोतात? विहारात जागा वेगळ्या नाहीत हे खरे. पण लग्नाच्या बैठकीत 'मूळचे कोण?' हा प्रश्न अजून हळूच विचारला जातो आणि तो विचारणारे बहुधा आपल्यातलेच जुने दीक्षित असतात. ज्यांनी नव्याने धम्म घेतला त्यांनी या गोष्टीने खचू नये, पण गप्पही बसू नये. बैठकीतच उत्तर मागावे.

आपल्या ख्रिस्ती भाऊबंदांविषयीही दोन शब्द. नगर जिल्ह्यात एकाच आडनावाची, एकाच मूळ वस्तीतली काही घरे बौद्ध आहेत, काही ख्रिस्ती. हरेगावची मतमाउलीची यात्रा सप्टेंबरात भरते तेव्हा त्यांचे पाहुणे येतात आणि आपल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपले. त्यांच्या पणजोबाने एक दार ठोठावले, आपल्या आजोबाने दुसरे. दोघेही एकाच बंद वाड्यातून बाहेर पडले. त्यांना अजूनही अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, कारण १९५० च्या आदेशात त्या फक्त हिंदूंना होत्या, पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाल्या. त्यांचा आपला वाद धर्माच्या तत्त्वाचा असेल तर तो जरूर करावा. पण भाऊपणा तोडू नये.

पुन्हा रॉबर्टसनच्या पुस्तकाकडे येतो. ते १९३८ चे. पण १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केलेले होते. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईच्या महार परिषदेत 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण होऊन गेले होते. म्हणजे ज्या लोकांचा धर्म कोणता याचे ग्रंथ छापले जात होते, ते लोक तो धर्म सोडायला आधीच उठून उभे राहिले होते. बाहेरचा माणूस नोंद करीत होता आणि आतला माणूस निर्णय करीत होता. नोंद करणारा विचारतो, हे लोक काय मानतात? निर्णय करणारा विचारतो, हे मानून आम्हाला काय मिळाले?

बावीस प्रतिज्ञा या दुसऱ्या प्रश्नातून आलेल्या आहेत, हे ध्यानात धरा. त्यांत ब्रह्मा, विष्णू, महेश यांचे नाव आहे, राम-कृष्णांचे आहे, गौरी-गणपतीचे आहे, श्राद्धाचे, पिंडदानाचे आहे. मरीआईचे, म्हसोबाचे, सटवाईचे नाव वेगळे घेतलेले नाही. कोणत्याही देवदेवतेला मानणार नाही, या शब्दांत ती सर्व येतात. पण नाव घेतलेले नाही म्हणून कित्येक घरांत अशी समजूत झाली की, गणपती सोडायचा, मरीआई मात्र आपली घरचीच. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि पाचवीच्या रात्री पाटा पुजून सटवाईपुढे कोरा कागद, कारण ती कपाळी लिहून जाते! ज्या तथागतांनी सांगितले की, माणसाचे भले-बुरे त्याच्या स्वतःच्या कर्मातून होते, त्यांच्या फोटोखाली हे चालावे? मिशनऱ्यांच्या याद्या आपल्याला येथे उपयोगी पडतात. त्या आपल्या घराच्या कोनाड्यापर्यंत जातात.

म्हणून तुम्हाला या पाठाचा एक घरचा अभ्यास देतो. एक शंभर पानी वही घ्या. परक्याने आपली वही लिहिली, आता आपली आपण लिहू. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. घाई करू नका, म्हाताऱ्या माणसाला आठवायला वेळ लागतो. आपल्या घरचा देव कोणता होता, तो कोणी आणला, त्याला काय लागे, नवस कशासाठी केला होता आणि तो फेडला तेव्हा कर्ज किती झाले. गुरू कोण होता. येसकराची पाळी कोणाकडे होती, भाकरी मागायला कोणत्या आळीत जावे लागे, पाणी कोठून आणीत, वतन गेले तेव्हा घरात काय बोलणे झाले. १९५८ साली वतन नष्ट करण्याचा कायदा झाला, हे पुस्तकात मिळते. पण त्या वर्षी तुमच्या आजीने भाकरी मागायला जाणे कसे थांबविले, हे कोणत्याच पुस्तकात मिळणार नाही. घरात कोणी मुरळी सोडलेली असेल तर तेही लिहा, लपवू नका. तिचे नाव लिहा. इतक्या वर्षांत ते कोणी लिहिलेले नसेल.

दीक्षा कोणी, कोठे, कोणत्या दिवशी घेतली, त्या दिवशी घरातले काय बाहेर काढले आणि काय मागे राहिले, हेही लिहा. जे मागे राहिले त्याच्यापुढे रेघ मारून ठेवा, ती जागा पुढे भरायची आहे.

तसेच शिरगणतीविषयी. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते अवघे २,४८७. १९६१ साली ते झाले २७,८९,५०१. २०११ साली ६५,३१,२००. या आकड्यांत ज्यांनी भीतीने 'हिंदू' लिहिले ते नाहीत. १९९० पूर्वी सवलत जाईल ही भीती होती आणि ती खोटी नव्हती. आज ती उरलेली नाही. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहावे आणि अनुसूचित जातीच्या रकान्यात आपली जी जात सरकारी यादीत आहे ती लिहावी. दोन्ही कायद्याने चालते. २०२७ साठी जाहीर झालेल्या शिरगणतीत सर्वांच्याच जातीची नोंद होणार आहे, म्हणून गणनेचा कागद भरणाऱ्याला तुम्ही स्वतः सांगा आणि त्याने काय लिहिले ते वाचून पाहा. 'सगळे तेच हो' म्हणून तो पुढे जाऊ लागला तर त्याला चहा पाजा, पण बसवून घ्या.

शेवटी टाकांचे. पुष्कळ घरांत देव्हाऱ्यातले चांदीचे, पितळेचे टाक अजून फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलेले असतात. ठेवावे की मोडावे, असे मला नेहमी विचारतात. पूजायचे नाहीत हे उघडच आहे. मोडायचे असतील तर सोनाराकडे नेण्यापूर्वी एक काम करा. प्रत्येक टाक वहीच्या पानाखाली ठेवून वरून शिसपेन्सिल घासा, त्याचा ठसा उमटेल. त्याखाली तो कोणत्या देवाचा, कोणत्या पूर्वजाचा, आणि ज्याने सांगितले त्याचे नाव व तारीख लिहा. मग मोडा, आणि येणाऱ्या पैशांची मुलांना पुस्तके घ्या.